जावयाचा दगड

कॅम्प, धनबादजवळ
२ मार्च १९८८

ती. अण्णा यांस,
महिपतचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी इथे पोचलो. रजा आठ दिवसांची, पण तार आली आणि पाचव्या दिवशीच निघावं लागलं. त्या घाईत तुमच्या गळ्यात एक काम घातलं, त्याची नीट माहिती द्यायची राहून गेली.

तुमच्या बाथरूममधल्या लाल बादलीत मी जो ॲल्युमिनियमचा डबा ठेवलाय त्यात शेलचा तुकडा आहे. शेल म्हणजे गाळाचा दगड, पाटीसारखा काळा. इथे सहाशे मीटर खोल भोक पाडून तो काढला आणि वर येताक्षणी मी डब्यात घालून झाकण आवळलं. माझं म्हणणं असं की या दगडाच्या अंगातच गॅस आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी गाळात जे शेवाळ आणि झाडपाला कुजला त्याचा गॅस, स्वयंपाकाला जळतो तसाच. आमच्या मोठ्या साहेबांना हे पटत नाही. गॅस वर येऊन दुसरीकडे साठतो, तिथे शोधायचा. शेल म्हणजे रिकामं भांडं, असं ते म्हणतात. अमेरिकेत लोक या दगडातून गॅस काढायला लागलेत हे दाखवलं, तर म्हणाले, तिकडचे दगड वेगळे. ऑफिसच्या प्रयोगशाळेत डबा ठेवायला त्यांनी जागा दिली नाही. म्हणून तो घरी आणला.

डब्याची रबरी नळी मिठाच्या पाण्यात उलट्या उभ्या केलेल्या काचेच्या मोजनळीत सोडलीय. दगडातून गॅस आला की मोजनळीतलं पाणी तेवढं खाली जाईल. सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला ते किती उतरलं एवढंच लिहायचं. बादलीतलं पाणी चाळीस अंश गरम असावं, कारण दगड जमिनीखाली उबेत होता. पहिले काही दिवस सगळ्यात महत्त्वाचे. तीन महिने गॅस येत राहिला तर साहेब आणखी तीन ठिकाणचे दगड डब्यात भरायला परवानगी देतील, असं त्यांनी चारचौघांत कबूल केलंय.

मालन ठीक असेलच. ती. आईंना नमस्कार.

आपला,
महिपत


नीलांबरी सोसायटी, डोंबिवली (पूर्व)
११ मार्च १९८८

चि. महिपतराव यांस,
मोरेश्वर आंबेरकरचे अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र पोचले. काम समजले. मात्र काम सुरू करण्यास चार दिवस उशीर झाला, त्याचे कारण कळवतो.

तुम्ही दिलेली काचेची मोजनळी पाहिली. तिच्यावर कोठेही सरकारी मुद्रा नाही. मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक होतो. रॉकेलच्या मापाला तळातून पोचा मारणारे दुकानदार मी पकडले आहेत. मुद्रा नसलेल्या मापाने मी आयुष्यात काही मोजलेले नाही, आणि जावयाच्या कामात तर मोजणार नाही. म्हणून ती नळी घेऊन ठाण्यास आमच्या जुन्या कचेरीत गेलो. तेथे रतन पाटील आता माझ्या जागेवर आहेत. ते कोपरीस राहतात, पूर्वी माझ्या हाताखाली होते. मला पाहून खुर्चीतून उठले. त्यांनी प्रमाणित मापाशी ताडून नळी तपासली. ती शंभरामागे अर्धा मिलिलिटर खोटी आहे. कोणाकडून घेतलीत? पडताळणीच्या दाखल्यासह परत मिळण्यास सोमवार उजाडला.

तोवर गॅस वाया जाऊ नये म्हणून रबरी नळीस कपडे वाळत घालण्याचे दोन चिमटे लावून ठेवले होते. मंगळवारी सकाळी सहा वाजता चिमटे काढले. त्या वेळी आमची ही आंघोळीची तयारी करीत होती. डब्यातून मोठ्याने गुडगुड आवाज आला आणि मोजनळीतील पाणी एका दमात एकशे नव्वद मिलिलिटर खाली गेले. ही ओल्या पायांनी हॉलमध्ये आली व म्हणाली की दगडाला ढेकर आला.

माझ्या मते तो गॅस आहे. परंतु माझ्या मताला किंमत नाही. आकडे सोबतच्या कागदावर आखून दिले आहेत, दाखलाही जोडला आहे.

तुमचा,
मो. बा. आंबेरकर


कॅम्प
२० मार्च १९८८

ती. अण्णा,
सा. न.

मोजनळी ठाण्याला नेल्याचं वाचून मी पत्र घडी करून ठेवून दिलं होतं. पुढे चिमट्यांचं वाचलं आणि मी तंबूबाहेर येऊन दोनदा फेऱ्या मारल्या. चार दिवसांचा गॅस तुम्ही डब्यातच कोंडून ठेवलात. एकशे नव्वद, अण्णा. मी साठ धरले होते.

साहेबांना तो कागद दाखवला. त्यांनी आधी ठाण्याचा दाखला वाचला, मग आकडे. मग विचारलं की हा निरीक्षक कोण. मी म्हटलं, सासरे. साहेब म्हणाले, सासऱ्याचा आकडा वैज्ञानिक धरता येईल का ते मुख्य ऑफिसला विचारावं लागेल. पण कागद त्यांनी फेकला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला.

इथे सगळे माझी चेष्टा करतात. जेवताना कोणीतरी वाटीत खडा टाकून म्हणतो, वेतोरेकर, ह्याच्यावर भात शिजव. तुमचं पत्र आलं की मी ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचतो.

माप चालू ठेवा. एकही वेळ चुकवू नका.

महिपत


डोंबिवली
९ एप्रिल १९८८

चि. महिपतराव यांस आशीर्वाद.

आकडे जोडले आहेत. गॅस रोज थोडा कमी होतो, परंतु थांबत नाही. काल अकरा मिलिलिटर. मोजनळीच्या रेषेत डोळा यावा म्हणून मी बाथरूममध्ये उकिडवा बसत असे. आता मोरीच्या कठड्यास फळी ठोकून पोटावर आडवे होण्याची सोय केली आहे. त्या स्थितीत आकडा अचूक दिसतो.

घरातील व्यवस्था थोडी बदलली. नळाला पाणी पहाटे चार ते पाच येते. पहिले गरम पाणी दगडाला, नंतर मालनला, कारण तिला कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सातची ड्यूटी असते, नंतर उरल्यास आम्हा दोघांना. मालन म्हणाली की लग्नाला तीन वर्षे झाली आणि नवऱ्याच्या कॅम्पवर बायकोला राहायला जागा नाही, पण नवऱ्याच्या दगडाला माहेरी बाथरूम आहे. ती गमतीने म्हणाली असावी.

सोसायटीत मात्र कुरबुर झाली. सेक्रेटरी चंदू खानविलकर तळमजल्यावर राहतात. त्यांनी नोटीस काढली की तिसऱ्या मजल्यावर स्फोटक दगड ठेवला आहे. रविवारी गच्चीवर खास सभा झाली. मी शेलविषयी पाऊण तास बोललो. खानविलकरांचे म्हणणे, दगड भाडेकरू धरल्यास सोसायटीची परवानगी हवी. मी म्हटले, तो पाहुणा आहे. नियम काढून पाहिला, तर पाहुण्याला मुदतच दिलेली नाही. मग चौदा विरुद्ध नऊ मतांनी दगडाला पाहुणा ठरवण्यात आले. खानविलकरांच्या मातोश्री गंगुबाई यांनी विचारले की पाहुणा जेवतो का. मी खुलासा केला.

तुमचा,
मो. बा. आं.


डोंबिवली
२ जून १९८८

चि. महिपतराव यांस आशीर्वाद.

तुमचे दोन महिन्यांत पत्र नाही. काम जोरात असेल असे समजतो.

यंदा अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून वाण द्यायचे, आणि मागच्या धोंड्यातही तुम्ही दौऱ्यावरच होतात. हिने या वेळी महिनाभर आधी तांदूळ भिजवून अनारशाचे पीठ केले होते. तुम्ही येण्याचे चिन्ह दिसेना, तेव्हा दोन दिवस पिठाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तेहतीस अनारसे तबकात मांडून बाथरूममध्ये गेली व डब्यापुढे ठेवले. म्हणाली, जावई नाही तर जावयाचा धोंडा तरी.

तबकात ती दिवाही लावणार होती, तो मी लावू दिला नाही. गॅसजवळ ज्योत नको. त्यावर ती म्हणाली, म्हणजे गॅस आहे हे नक्की. मी म्हटले, तसे खात्रीने म्हणता येणार नाही. ती म्हणाली, तीन महिने माझ्या आधी त्याची आंघोळ होते आणि तुम्हाला अजून खात्री नाही.

डब्यावर तिने उपरणेही घातले होते. त्याने उष्णता वाढून आकड्यात फरक पडेल म्हणून काढून ठेवले. बाराचे माप झाल्यावर अनारसे आम्ही खाल्ले. मालनने खाल्ले नाहीत.

तीन महिने आज पूर्ण झाले. गॅस आठवड्याला नऊ मिलिलिटर चालू आहे. साहेबांनी शब्द दिला होता, त्याचे काय झाले ते कळवावे.

मो. बा. आं.


धनबाद
२२ जून १९८८

ती. अण्णा,
सा. न.

पत्राला उशीर झाला, माफ करा. काम जोरात आहे. साहेबांनी आकडे पाहिले. विषय वरच्या पातळीवर गेलाय.

आता पत्र कॅम्पवर नको, खालच्या पत्त्यावर पाठवा. खात्याचं दगडांचं गोदाम आहे तिथे. माझं बसणं हल्ली तिथेच असतं.

माप बंद करू नका. तीन महिने झाले म्हणून थांबलो तर लोक म्हणतील पुढे काही नव्हतं. जितके दिवस होईल तितके दिवस. तुमची पत्रं येतात, बरं वाटतं.

आईंना सांगा, अनारसे पोचले असं समजतो.

महिपत


डोंबिवली
१४ ऑगस्ट १९८८

चि. महिपतराव यांस आशीर्वाद.

पंधरवड्यात तीन मिलिलिटर. काळजी नसावी, तो थकला आहे, संपलेला नाही. दुकानदाराच्या काट्यावर मी असे पाहिले आहे की वजन ठरलेसे वाटते आणि मग काटा केसभर हलतो. तेवढ्यासाठी थांबावे लागते.

फळीवर आडवे होताना पाठीत चमक भरली होती, आता ठीक आहे. दोन दिवस मापे हिने घेतली. तिचे आकडे बरोबर निघाले. फक्त शेऱ्याच्या रकान्यात तिने ‘मालनचे वजन कमी झाले आहे’ असे लिहिले होते. तो रकाना पाण्याच्या तपमानासाठी आहे हे तिला समजावले.

मो. बा. आं.


धनबाद
५ सप्टेंबर १९८८

ती. अण्णा,
सा. न.

एक भानगड झालीय. माझ्याविरुद्ध मुख्य ऑफिसला तक्रार गेली. खात्याची वस्तू खाजगी बाथरूममध्ये का ठेवली, म्हणून मला मेमो मिळालाय. तक्रार मराठीत होती. इकडे कोणाला वाचता येईना, म्हणून ती भाषांतराला नागपूरच्या शाखेत जाऊन आली. मूळ पत्राची झेरॉक्स नक्कल मेमोला जोडलीय, ती सोबत पाठवतो, इथे उतरवूनही देतो:

‘साहेबांस नमस्कार. तुमच्या खात्याचा एक दगड डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याला रोज तीन वेळा गरम पाणी मिळते. त्याची विचारपूस होते, तशी घरातल्या माणसांची होत नाही. खात्याने आपला दगड घेऊन जावा, आणि ज्याचा दगड आहे त्याला त्याच्या बायकोकडे पाठवून द्यावे. कळावे. एक सासू.’

भाषांतरात नागपूरवाल्यांनी सासू हे पद समजून ‘सासू, श्रेणी एक’ असं केलंय. त्यामुळे मुख्य ऑफिसला वाटतंय की ही कोणी सरकारी अधिकारी आहे. म्हणून प्रकरण जड झालंय.

माझा संशय खानविलकरांच्या घरावर आहे. तुम्ही तिथे आहात, जरा पाहता का?

महिपत


डोंबिवली
१८ सप्टेंबर १९८८

चि. महिपतराव यांस आशीर्वाद.

पत्र वाचून संताप झाला. तपास त्याच दिवशी हाती घेतला.

नीलांबरीत एकूण अकरा सासवा आहेत. अक्षर मिळवण्यासाठी युक्ती केली. पहाटेच्या पाण्याची वेळ बदलून मिळावी असा नगरपालिकेला अर्ज तयार केला आणि प्रत्येकीला आमच्याकडे बोलावून स्वतःच्या हाताने त्यावर एक ओळ लिहावयास सांगितले. हिने सर्वांना चहा दिला. दोघींनी अंगठा उठवला, त्या सुटल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या दगडाबाई भोईर यांनी ओळ लिहिली, पण नातवाकडून, म्हणून त्याही सुटल्या. शेवटी हीही पेन घेऊन बसली. मी म्हटले, तुझे अक्षर मला ठाऊक आहे, तुझी गरज नाही. ती उठून कपबशा विसळायला गेली.

संशय गंगुबाई खानविलकर यांच्यावर येतो. त्यांचा ‘द’ पोटात मोठा आहे आणि दगड शब्दात द पहिलाच येतो. मी त्यांना स्पष्ट विचारले. त्या म्हणाल्या, माझी सून रोज माझ्या डोळ्यांसमोर असते, मी कशाला कोणाला पाठवून द्या म्हणू? हा मुद्दा मी वहीत नोंदवून घेतला. तरीही त्यांच्यावर लक्ष आहे.

अर्जाचा परिणाम असा झाला की कालपासून पाणी सहा वाजता येते. सोसायटीने माझे आभार मानले.

मापे नेहमीप्रमाणे चालू आहेत.

मो. बा. आं.


कल्याण
१ ऑक्टोबर १९८८

अहो,

हे पत्र एक्स्चेंजमधून लिहितेय, घरी कोणाला माहीत नाही.

ती तक्रार आईने केली. अक्षर लपवायचं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. अण्णांनी अकरा बायका तपासल्या आणि घरातल्या बाईचं पेन काढून घेतलं. त्यांना अजून कळलेलं नाही. तुम्हीही कळवू नका, ती फार घाबरलीय.

आता माझं. मेमोचं ऐकल्यावर मला राहवेना. आमच्याकडून धनबाद एक्स्चेंजला ट्रंक कॉल लावला, तिकडच्या ऑपरेटरने तुमचं ऑफिस जोडून दिलं. फोनवर जो माणूस होता तो सरळ होता बिचारा. म्हणाला, कॅम्प नऊ जूनला बंद झाला. शेलचं काम तेव्हाच गुंडाळलं. सगळ्यांना आपापल्या मुलखात बदली मागायचा फॉर्म दिला होता, सगळे गेले. वेतोरेकरांनी फॉर्म भरलाच नाही. मी विचारलं, मग ते करतात काय? तो म्हणाला, गोदामात दगडांवरची धूळ पुसतात, आणि मंगळवारी पत्राची वाट बघतात.

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. मी बोटांवर मोजले.

तुम्हाला इथे यायचं नाहीये का? नसेल तर तसं लिहा. मी रडणार नाही, नोकरी आहे मला. तीन ओळी पुरतील. दगडाबद्दल लिहू नका.

मालन


धनबाद
१२ ऑक्टोबर १९८८

मालन,

यायचं आहे.

फॉर्म आजच भरून दिला. ठाणे मागितलंय.

तिसऱ्या ओळीत सगळं बसत नाही, तेव्हा तू रागाव. काम बंद झालं त्या दिवशी साहेब म्हणाले, वेतोरेकर, तुझे आकडे चांगले आहेत, पण दगडातला गॅस काढायचं यंत्र या देशात नाही आणि पुढची वीस वर्षं येणार नाही. आहे हे कळून उपयोग काय? फॉर्म घेऊन गोदामात गेलो. तिथे कॅम्पवरून फिरून अण्णांचं पत्र आलेलं होतं, धोंड्याच्या महिन्याचं. तांबड्या शाईने आखलेले रकाने. शब्दाचं काय झालं ते कळवावे, असं त्यात विचारलं होतं.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवणारा माणूस मला जन्मात एकच भेटला, आणि तो साठाव्या वर्षी बाथरूममध्ये पालथा पडून माझ्यासाठी आकडे घेत होता. त्याला काम बंद झालं असं कसं लिहू? आज लिहीन, उद्या लिहीन म्हणता म्हणता चार महिने गेले. तो फॉर्म मी तीनदा भरला होता. दर वेळी मंगळवारी पत्र यायचं.

तुझी चौकशी करत नव्हतो, कारण तू कशी आहेस विचारलं असतं तर तू लिहिलं असतंस, आणि मग इथे बसवलं नसतं.

दगडाबद्दल लिहिलं गेलं. माफ कर.

महिपत


डोंबिवली
११ नोव्हेंबर १९८८

चि. महिपतराव यांस आशीर्वाद.

काल सकाळी दहा वाजता तुमच्या खात्याची दोन माणसे दगड नेण्यास आली. त्यांच्याकडे रीतसर पत्र होते, त्यामुळे अडवता आले नाही. पंचनाम्यात त्यांनी ‘एक दगड, काळा, ओला, निरुपयोगी’ असे लिहिले. मी हरकत घेतली की ओला डबा आहे, दगड ओला आहे की नाही हे झाकण न उघडता सांगता येणार नाही. तेव्हा त्यातील मोठ्याने जिन्यात डबा ठेवला आणि पान्याने झाकण उघडले. मी त्यांना थांबवण्यास पुढे झालो, तोवर उघडून झाले होते. आवाज आला नाही. वास आला नाही. पंचवीस कोटी वर्षे आत जे काही उरले असेल ते आमच्या जिन्यात गेले. खानविलकर त्याच वेळी वर येत होते, ते त्यातूनच चालत गेले.

आत पाहिले. दगड कोरडा होता. मी तसे पंचनाम्यात घालून घेतले.

तुमचे काम जूनमध्येच बंद झाल्याचे मला त्या माणसांकडून कळले. तुम्ही ते कळवायला हवे होते. मी मापे घेणे थांबवले नसते, पण मालनला आठ महिने माहेरी दगडाच्या मागून आंघोळ करू दिली नसती.

आता माझे. सप्टेंबरच्या तीन तारखेपासून मोजनळीतील पाणी हललेले नाही. रोज तीन वेळा शून्य आले. ते मी वहीत लिहिले, पण तुम्हाला कळवले नाही. नेहमीप्रमाणे चालू आहे असे लिहिले. तुमच्यावर मेमो असताना वरून शून्य पाठवण्याचा धीर झाला नाही. शून्य हेही मापच असते, ते लपवणे म्हणजे खोटे माप देणे. चौतीस वर्षांत ज्यासाठी लोकांना कोर्टात उभे केले, ते मी माझ्या जावयाला केले. वहीतील एकशे नव्वद ते शून्य सर्व आकडे आज रजिस्टर पोस्टाने पाठवले आहेत. एकूण आठशे बासष्ट मिलिलिटर. या आकड्याबद्दल मी कोणापुढेही उभा राहीन.

एक राहिले. पंचनाम्यावर साक्षीदार हवा होता. मी चष्मा शोधीत होतो म्हणून हिने पेन घेतले आणि ‘माझ्यासमोर दगड नेला’ असे लिहून सही केली. ते वाक्य मी बराच वेळ पाहत होतो. ‘दगड’ हा शब्द तुम्ही पाठवलेल्या मेमोच्या नकलेत जसा होता तसाच होता. तेच अक्षर मी छत्तीस वर्षे वाण्याच्या यादीत पाहत आलो आहे.

तपास बंद केला आहे. गंगुबाईंची क्षमा मागितली, त्यांनी का म्हणून विचारले नाही. तुम्हीही हा विषय घरी काढू नये. तिला वाटते मला कळलेले नाही.

लवकर या.

तुमचा,
मो. बा. आंबेरकर


नीलांबरी सोसायटी, डोंबिवली
२० जानेवारी १९८९

साहेबांस नमस्कार.

मागच्या पत्रावर मी नाव घातलं नव्हतं. ते बरोबर झालं नाही. मी भागीरथी मोरेश्वर आंबेरकर, महिपत वेतोरेकरांची सासू. त्या मेमोने जावयाला बराच त्रास झाला असं कळलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. तुमच्याकडे मला कोणी मोठी अधिकारी समजले म्हणतात, तसं काही नाही. मी घरीच असते.

जावई डिसेंबरात आले. तुम्ही त्यांना ठाण्याला जमिनीखालचं पाणी शोधायच्या कामावर लावलंत. मुलगी आणि ते आता टिटवाळ्याला ब्लॉक घेऊन राहतात, रविवारी जेवायला येतात. मुलीच्या अंगावर मांस चढलं. खात्याचे उपकार आहेत.

आता दुसरी विनंती. तुमची माणसं दगड घेऊन गेली तेव्हा कागदावर निरुपयोगी असं लिहिलं होतं. म्हणजे तुम्हाला तो लागत नसेल. आमचे हे रिटायर झाल्यापासून दोन वर्षं दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. डॉक्टर झाले, टॉनिक झालं. दगड आला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून यांनी स्वतः पाणी तापवलं. नोव्हेंबरात तो गेला. तेव्हापासून हे परत भिंतीकडे तोंड करून आहेत. मी तक्रार केली तेव्हा मला एवढं कळलं नव्हतं. यांनाही ती मी केली हे माहीत नाही.

तरी तो दगड परत पाठवावा. तोच नसेल तर तुमच्याकडचा दुसरा चालेल, गोदामात पुष्कळ आहेत असं जावई म्हणाले. डब्यात घालून पाठवावा, आणि सोबत यांच्या नावाने एक पत्र द्यावं की रोज तीन वेळा माप घ्यायचं आहे.

गॅस नसला तरी चालेल.

आपली,
भागीरथी आंबेरकर